मानकूज की खोडकूज: मुरबाडच्या १८ गुंठे मोहरीच्या नोंदी

ठिकाण: मुरबाड तालुका, जिल्हा ठाणे, काळू नदीजवळ. हळव्या भातानंतरची मोहरी, वाण पुसा बोल्ड. दोन तुकडे: १२ गुंठे खाचर आणि ६ गुंठे वरकस (उंचावरची, पाणी न साचणारी जमीन). पाणी नदीवरून डिझेल पंपाने. नोंदी ज्या त्या दिवशीच्या आहेत. मागाहून उमगलेलं 'नंतरची भर' म्हणून खाली जोडलं आहे, जुनं खोडलेलं नाही. भातानंतर मोहरी करून बघणाऱ्यांना चुकाच जास्त कामाच्या.

२८ ऑक्टोबर

खाचरातला भात (कर्जत-३) कापून झाला. वरकस तुकड्यात पावसाळी भुईमूग होता, तो १५ दिवसांपूर्वीच काढला. वेलांबरोबर मुळं आणि तुटलेली झाडं जागेवरच पडून आहेत. गोळा केली नाहीत, 'नांगरात जातील' म्हणून सोडली.

नंतरची भर: पहिली चूक हीच, आणि सगळ्यात महागही. भुईमुगात शेवटच्या महिन्यात काही झाडं बसली होती. ती कशाने गेली हे त्या वेळी बघितलं असतं तर वरकस तुकड्यात मोहरी पेरलीच नसती.

६ नोव्हेंबर

खाचराला वाफसा आला. पॉवर टिलरने दोन्ही तुकडे दोनदा उभे-आडवे, खर्च १,४०० रुपये. टिलरची खोली जेमतेम ४ ते ५ इंच. चांगलं कुजलेलं शेणखत खाचराला पुरलं, वरकसाला कमी पडलं. म्हणून गोठ्यामागचं अर्धवट कुजलेलं, ज्यात पेंढ्याच्या काड्या अजून ओळखू येतात असं, टाकलं. दोन्ही मिळून १,८०० रुपये.

सिंगल सुपर फॉस्फेट एक गोणी, ५० किलो, दोन्ही तुकड्यांत मिळून. मोहरीला गंधक लागतं, म्हणून डीएपीऐवजी हे.

१० नोव्हेंबर

ट्रायकोडर्माचं (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पाकीट आणलं, १ किलो, २०० रुपये. पद्धत: १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, पाणी शिंपडून मुठीत गोळा होईल इतकं ओलं करायचं, सावलीत ढीग लावून ओल्या गोणपाटाने झाकायचं, पाचव्या दिवशी उलटायचं, दहाव्या दिवशी सरीत टाकायचं. पेरणी चार दिवसांवर आलेली. म्हणजे सुरुवातच उशिरा.

१४ नोव्हेंबर

पेरणी. ओळीतलं अंतर ४५ सेंमी, बियाणं ९०० ग्रॅम, बारीक वाळूत मिसळून हाताने. खोली पाऊण इंच. युरिया १० किलो.

बीजप्रक्रिया: किलोला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम (रासायनिक बुरशीनाशक), त्यावर लगेच ट्रायकोडर्मा चोळला. तोच चार दिवसांचा ढीगही सरीत गेला.

नंतरची भर: कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. दोन्ही एकाच बियाण्यावर, एकाच दिवशी लावणं म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्याने उपटणं. रासायनिक हवं असेल तर ते आधी, जैविक नंतर आणि मध्ये दिवसांचं अंतर, हा नियम कार्बेन्डाझिमला लागू पडत नाही. दोघांतलं एकच निवडा.

३ डिसेंबर

विरळणी झाली, दोन रोपांत १५ सेंमी. मोजणीसाठी वरकसात ५-५ मीटरच्या १० ओळी काठ्या रोवून पक्क्या केल्या. आज तिथे ३३० रोपं. तशाच १० ओळी खाचराच्या मध्यात.

दुपारी वरकसात काही रोपं मान टाकलेली. माती ओली आहे, त्यामुळे पाण्याची ओढ नाही.

५ डिसेंबर

बसलेली १४ रोपं तपासली. एकाच रोगाने गेली असतील असं धरून चाललो होतो, तसं निघालं नाही.

५ रोपांच्या मानेवर (खोडाचा मातीलगतचा भाग) मातीचं पातळ लिंपण, आत पोकळ: वाळवी. एक रोप जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखं, शेजारी माती उकरली तर गुंडाळी करून बसलेली राखाडी अळी. उरलेली ८ रोपं ओढली की मानेशी तटकन तुटतात आणि मूळ जमिनीतच राहतं. वर आलेल्या तुकड्यावर तपकिरी डाग, बाकी काही नाही. यांना 'खोडकूज' असं नाव दिलं.

नंतरची भर: हे नाव देणं घाईचं होतं. रोप उपटून बघायचं नाही. रोग असतो मातीच्या रेषेवर, आणि उपटलं की नेमकी तीच जागा तुटून खाली राहते. खुरपं चारी बाजूंनी खुपसून, रोप मातीच्या ढेकळासकट उचलायचं आणि ढेकूळ हलक्या हाताने फोडायचं. तेही सकाळी आठच्या आत, दव असताना. दुपारी बुरशीचे धागे सुकून मातीच्या रंगाचे होतात. आम्ही तपासणी केली होती दुपारी दोनला.

९ डिसेंबर

दुकानात 'मोहरीची खोडकूज' सांगितलं. कार्बेन्डाझिम ५० टक्के भुकटी मिळाली, १०० ग्रॅमला ९० रुपये. लिटरला १ ग्रॅम, बसलेल्या रोपांभोवतीच्या ३०० रोपांना प्रत्येकी सुमारे १०० मिली आळवणी (औषधाचं पाणी बुंध्याशी ओतणं), एकूण फवारणीचे दोन पंप. अर्धा दिवस गेला.

मोजणीच्या ओळींत आज ३१२.

१५ डिसेंबर

खुरपणी. तणाबरोबर रोपं हलतात म्हणून बुंध्याला दोन-तीन इंच मातीची भर दिली. नदीची पातळी उतरतेय, पाणी वाचावं म्हणून वरकसातल्या दोन ओळींवर भाताचा पेंढा अंथरला, २६० रोपं. युरियाचा दुसरा हप्ता १० किलो.

आळवणीला सहा दिवस झाले. नवी बसलेली रोपं आळवणी केलेल्या भागातही आहेत.

१८ डिसेंबर

सकाळी साडेसातला, दव असताना, सहा रोपं ढेकळासकट उचलली. पहिल्याच ढेकळात सगळं समोर आलं. मानेभोवती पांढरी, रेशमी बुरशी, कापसासारखी गच्च नाही, पंख्यासारखी पसरत मातीवर आणि पेंढ्याच्या काड्यांवर चढलेली. साल ओली, बोटाने सरकते. त्या बुरशीत बारीक गोल मणी: काही पांढरे, काही फिकट पिवळे, काही पक्के तपकिरी.

पक्के झालेले मणी थेट मोहरी. आकार तोच, गोलाई तीच, रंगही जवळपास तोच. एका रोपाशेजारी पडलेले दाणे बियाणंच सांडलं असेल म्हणून ५ डिसेंबरला दुर्लक्षिले होते.

दोन तुकडे बरणीत ठेवले: तळाशी ओला टिपकागद, त्यावर मानेचा दोन इंचाचा तुकडा, झाकण सैल, घरात सावलीत. तिसऱ्या बरणीत निरोगी रोपाची मान, तुलनेसाठी. चौथा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा टांगला. जिवाणूने मर आली असेल तर कापातून दुधट धार उतरते, दहा-पंधरा मिनिटांत दिसते. अर्धा तास बघितलं, पाणी स्वच्छच.

२० डिसेंबर

दोन्ही रोगट बरण्यांत टिपकागदावर पांढरा पंखा. तुलनेची बरणी कोरडी ठणठणीत.

२५ डिसेंबर

बरणीत मणी धरले. परवा पांढरे होते, आज तपकिरी. निदान पक्कं: स्क्लेरोशियम रोल्फसी. म्हणजे मानकूज, खोडकूज नाही. नावात 'रोल्फ' आहे तो ज्याने ही बुरशी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १८९२ मध्ये टोमॅटोवर पाहिली त्याचा. भुईमूग, टोमॅटो, वांगी, मिरची, वाल, चवळी, सगळ्यांवर चालते. वरकसात आधी काय होतं ते पहिल्या नोंदीत आहेच.

इथे जरा थांबून लिहावं लागेल, कारण १६ दिवस नावानेच घालवले.

राजस्थान-हरियाणाकडे मोहरीत ज्याला खोडकूज म्हणतात ती वेगळी बुरशी, स्क्लेरोटिनिया. तिला गारवा लागतो. ती फुलोऱ्यात येते. तिचे बीजाणू हवेतून गळक्या पाकळ्यांवर बसतात, पाकळी पानाच्या बगलेत अडकते आणि तिथून खोड धरतं. म्हणून तिचा डाग कमरेला, फांदीच्या बेचक्यात असतो. खोड पांढरंफटक पडतं, चिंध्या होतात, आणि उभं चिरलं की आत काळे, वेडेवाकडे, उंदराच्या लेंड्यांसारखे दाणे. कॅनोलाच्या (मोहरीच्याच कुळातलं तेलबीचं पीक) देशांत आणखी एक आहे, ब्लॅकलेग: बुंध्याशी राखाडी डाग आणि त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, कापलं की आतलं लाकूड काळवंडलेलं. कॅनडात मॅनिटोबामध्ये २०१४ साली व्हर्टिसिलियम सापडला. त्यात ताटाची साल सोलली की खाली काजळीसारखी बारीक काळी पूड दिसते.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. डाग मानेला, बुरशी खोडाबाहेर, दाणे (म्हणजे ते मणी) तपकिरी, गोल आणि तेही बाहेरच. आत चिरून बघितलं तर काही नाही. जमिनीत ५ सेंमीवर दुपारी २९ अंश तापमान. ही बुरशी २७ ते ३० अंशांत सगळ्यात जोरात वाढते. डिसेंबरात कोकणातली दुपारची जमीन म्हणजे तिला हवीच तशी.

कार्बेन्डाझिम का चाललं नाही तेही यातच आहे. ही बुरशी अळंब्यांच्या कुळातली, आणि तिच्यावर कार्बेन्डाझिमचा प्रभाव फार कमी. स्क्लेरोटिनिया वेगळ्या कुळातली, तिच्यावर ते चालतं. दुकानदाराने दिलं ते आम्ही सांगितलेल्या नावाला बरोबरच होतं.

मोजणीच्या ओळींत आज २६१. पेंढ्याच्या दोन ओळींत २६० पैकी ११८ उभी. खाचराच्या मध्यात १० ओळींत फक्त ४ गेली. पण खाचराच्या बांधालगतच्या दोन ओळींत जागोजागी खिंडारं आहेत.

२६ डिसेंबर

खाचराचा मध्य वाचला आणि कड गेली, याचं कारण बांधावर उभं राहिल्यावर दिसतं. खाचरात भाताला पावसाळाभर पाणी उभं असतं. बुरशीला हवा लागते, आठवडेच्या आठवडे पाण्याखाली तिचे दाणे कुजून मरतात. बांध मात्र कोरडा राहतो, आणि त्यावर तूर-वाल असतो. दाणे तिथे टिकतात आणि नांगर लागला की बांधाची माती कडेला सांडते.

वरकसाला तर पाणी कधीच उभं राहिलं नाही. त्यात भुईमुगाचे अवशेष, कच्चं शेणखत, आणि वरून आम्ही केलेली दोन कामं:

भर देणं. खालची पानं मातीत गाडली गेली. कुजकं पान हा या बुरशीचा नाश्ता, त्यावर ताकद कमावून ती जिवंत खोडात शिरते. ओली माती मानेला चिकटली, ती वेगळीच.

पेंढा. याबद्दल वाद नको, आकडा वर आहे. मल्चिंग वाईट असं नाही. पण जिथे मानकुजीची शंका आहे तिथे खोडाला टेकलेला ओला पेंढा म्हणजे बुरशीला एका रोपावरून दुसऱ्यावर जायला पूल.

२७ डिसेंबर

साफसफाई, दोन माणसं, पूर्ण दिवस, ९०० रुपये.

पेंढा सगळा उचलला. बसलेली रोपं खुरप्याने, भोवतीची वीतभर रुंद आणि चार बोटं खोल माती धरून, खताच्या रिकाम्या गोणीत. गोणी रोपाजवळ न्यायची, रोप हातात धरून शेतभर फिरायचं नाही. दाणे वाटेत सांडतात. पहिल्या तासात हेच झालं, मग ओळीत गोणी सरकवत काम केलं. एकूण साडेतीन गोण्या. बांधावर किंवा खतखड्ड्यात टाकल्या नाहीत, कोरड्या जागी पत्र्यावर पसरून वाळवल्या आणि जाळल्या. माती शेकली जाईपर्यंत.

राहिलेल्या रोपांची भर हाताने मागे ओढून मान उघडी केली. काम किचकट. नंतरची भर: पण एवढ्यानेच दुसऱ्या दिवसापासून बुंध्यालगतची माती दुपारपर्यंत सुकलेली दिसायला लागली.

आळवणीला दुसरं औषध घ्यायचं की नाही यावर बरंच बोलणं झालं. या बुरशीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं आहेत, पण हाताला आलेल्या बाटल्यांच्या लेबलावर मोहरीचं नाव नव्हतं. त्यात विरळणीचा पाला घरोघरी भाजीला गेलेला, आणि फुलोरा तोंडावर, मधमाश्या यायला लागलेल्या. घेतलं नाही.

ट्रायकोडर्माचं दुसरं पाकीट आणलं, २०० रुपये. या वेळी आधी जिवंत आहे का ते बघायचं ठरवलं. दोन वाट्यांत शिजवलेला गार भात, एकीवर चिमूटभर भुकटी, दुसरी तशीच. दोन्ही झाकून.

१ जानेवारी

भुकटीच्या वाटीत आधी पांढरा, आज गडद हिरवा थर. साध्या वाटीत तुरळक काळे ठिपके. म्हणजे पाकीट जिवंत. पहिल्या पाकिटातलं उरलेलं असंच तपासायला ठेवलं.

५ जानेवारी

पहिलं पाकीट: भात तसाच, कडेला थोडी काळी बुरशी. मेलेलं होतं. दुकानात ते काचेमागे उन्हात मांडलेलं असायचं. पाकीट घेताना तारीख बघाच, पण कुठे ठेवलंय तेही बघा.

११ जानेवारी

दुसऱ्या पाकिटाचं शेणखत, या वेळी पूर्ण दहा दिवस मुरवलेलं, वरकसात ओळीच्या कडेला, खोडाला न टेकवता पसरून हलकं मिसळलं. मोजणीत २५४. दोन आठवड्यांत फक्त ७ गेली. श्रेय वाटून घ्यावं लागेल: पेंढा उचलला, मान उघडी केली आणि रात्रीही गार झाल्या, पहाटे १५ अंश. शेणखत तर आजच पडलं, त्यामुळे या ७ मध्ये ट्रायकोडर्माचा वाटा शून्य.

एक वेगळी चूक. पंजाबातल्या शिफारशीत खोडकुजीसाठी २५ डिसेंबर ते १५ जानेवारी पाणी देऊ नका असं आहे. निदान बदललं तरी ते वाक्य डोक्यात राहिलं आणि दोन्ही तुकड्यांचं पाणी १६ दिवस तोडलं. तिकडे त्या दिवसांत धुकं असतं, जमीन गार असते. इथे दुपारी ३१ अंश आणि फुलोरा ऐन भरात. खाचरालाही भेगा पडल्या, शेंड्याची फुलं वाळून गळाली. आज संध्याकाळी पाणी सोडलं.

मानकुजीला पाणी तोडायचं नसतं, पाण्याची तऱ्हा बदलायची असते. सपाट वाफा भरण्याऐवजी दोन ओळींत एक सरी काढून पाणी सरीतूनच, म्हणजे मान भिजत नाही. वरकसात सऱ्या काढायला अर्धा दिवस लागला. हे पेरणीलाच करायला हवं होतं.

१९ जानेवारी

खाचरात पाच-सहा ताटं कमरेला पांढरी. काळजाचा ठोका चुकला, स्क्लेरोटिनिया आली की काय. तीन ताटं उभी चिरली. आतला गाभा कोरडा, स्वच्छ, काळा दाणा एकही नाही. पांढरेपणा एकाच बाजूला आणि सगळ्या ताटांवर एकाच उंचीला. ओळीच्या सरळ रेषेत बघितलं तेव्हा कळलं: पाणी सोडताना पंपाचा पाइप ओढत नेला होता, त्याने साल घासली आणि घासलेली जागा उन्हाने पांढरी पडली.

चिरून बघायला दोन मिनिटं लागली. ९ डिसेंबरला हीच दोन मिनिटं दिली नव्हती.

४ फेब्रुवारी

ऊन वाढलं, मानकूज पुन्हा. मोजणीत २३९. आता शेंगा धरलेली झाडं जातात, म्हणून मनाला जास्त लागतं. गेलेली झाडं गोणीत, नेहमीप्रमाणे. ट्रायकोडर्मा टाकलेल्या ओळींत आणि वरकसातल्याच न टाकलेल्या चार ओळींत फरक आहे, पण इतका नाही की छातीठोक सांगावं. न टाकलेल्या ओळी बांधाच्या बाजूला आहेत, त्यामुळे तुलनाच बिघडली. तुलनेच्या ओळी मध्ये ठेवायच्या होत्या.

मावा शेंड्यांवर, कडेच्या ओळींत. शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात. पानांवर भुरी आली, शेंगा भरल्यात म्हणून सोडून दिली.

२४ फेब्रुवारी

काढणी सुरू, पेरणीपासून १०२ दिवस. मोजणी संपली: वरकस ३३० पैकी २२८. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गेला.

सकाळी कामाला आलेल्यांनी सवयीने मोहरी उपटायला घेतली. उपटणं सोपं, जमीन भुसभुशीत. वरकसातला अर्धा भाग उपटून, मुळं-मातीसकट खळ्यावर गेला तेव्हा लक्षात आलं. मग विळ्याने, जमिनीपासून चार बोटं वर कापायला लावलं.

२५ फेब्रुवारी

शेतात राहिलेले बुंधे कापून बघितले. कॅनोलावाले काढणीआधी बुंधा आडवा कापून आतला काळवंडलेला भाग मोजतात. ती सवय चांगली आहे, इथे मानेवरचा डाग आणि दाणे बघायला वापरली. फांद्या छाटायची कात्री, प्रत्येक जागी १०० बुंधे. डाग किंवा दाणे सापडले ते असे: खाचराचा मध्य ३, खाचराची कड १६, वरकस २२.

हे शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या झाडांचे आकडे. म्हणजे पीक 'वाचलं' असं जिथे वाटतं तिथेही पुढच्या वर्षीचे दाणे तयार आहेत.

५ मार्च

मळणी, उफणणी. खाचर ८१ किलो, वरकस १९ किलो.

वरकसाच्या ढिगात भलतेच दाणे. चाळणीतून जात नाहीत की अडकत नाहीत, कारण आकार तोच. उफणून उडत नाहीत. ओळखायची एकच रीत जमली: पांढऱ्या कागदावर दाणा ठेवून वाटीच्या बुडाने चिरडायचा. मोहरी असेल तर आत पिवळी डाळ आणि कागदावर तेलाचा डाग. बुरशीचा दाणा असेल तर तपकिरी सालीखाली पांढरा भुगा आणि कागद कोरडा. चिमूट-चिमूट करून २०० दाणे चिरडले. उपटलेल्या अर्ध्या भागात ५ बुरशीचे निघाले, कापलेल्या अर्ध्यात एकही नाही.

वरकसाचं सगळं बी खाण्यासाठीही ठेवलं नाही, बाद केलं. बियाण्यासाठी खाचराच्या मध्यातलं, कापून काढलेलं ४ किलो वेगळं. त्यातलेही २०० चिरडून बघितले, स्वच्छ निघाले. ज्या गोणपाटावर वरकसाचा ढीग होता ते जाळलं. त्यावर पुढच्या वर्षीचं बियाणं वाळवलं असतं तर सगळी साफसफाई वाया.

१२ मार्च

हिशोब. बियाणं १४० रुपये, शेणखत १,८००, सुपर फॉस्फेट ५५०, युरिया गोणी २६६ रुपये ५० पैसे, टिलर १,४००, डिझेल १,९००, ट्रायकोडर्मा ४००, कार्बेन्डाझिम ९०, मजुरी ११ दिवस प्रत्येकी ४५० म्हणजे ४,९५०. एकूण सुमारे ११,५०० रुपये. हातात ८१ किलो. गावात ९० रुपये किलोने गेली असं धरलं तर ७,२९० रुपये. तोटा ४,२०० च्या वर. फक्त खाचरात पेरली असती आणि फुलोऱ्यात पाणी तोडलं नसतं तर निदान बरोबरी झाली असती, असा आमचा अंदाज.

औषधाच्या ९० रुपयांचा फटका मोठा नाही. फटका बसला तो ९ ते २५ डिसेंबरमधल्या १६ दिवसांचा.

२२ एप्रिल

वरकसात खोल नांगरट, या वेळी ट्रॅक्टरचा पलटी नांगर, ८ इंचांच्या वर. वरच्या थरातले दाणे खाली गाडले गेले की त्यांना वर यायला जोर पुरत नाही. पुढच्या पेरणीला पुन्हा तेवढंच खोल नांगरायचं नाही, नाहीतर तेच दाणे वर येतील.

६ गुंठ्यांपैकी सगळ्यात खराब २ गुंठ्यांवर, उन्हाने जमीन तापून दाणे मरावेत म्हणून, पारदर्शक प्लास्टिक: आधी जमीन समतल, मग भरपूर पाणी, दुसऱ्या दिवशी २५ मायक्रॉनचा कागद ताणून, कडा वीतभर खोल चरात दाबून. काळा कागद नको, ऊन आत गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी ढेकळांवर कागद अधांतरी राहिला आणि दुपारच्या वाऱ्याने एक बाजू फाटली. ढेकळं फोडून पुन्हा अंथरला, फाटलेल्या जागी चिकटपट्टी. किमान पाच आठवडे, जूनच्या पावसाआधी काढायचा.

राहिलेल्या ४ गुंठ्यांत खरिपात भुईमूग, चवळी, वाल काहीच नाही, नाचणी. वरकसात पुढचे दोन रब्बी मोहरी नाही.

खाचराच्या बांधाकडच्या दोन ओळी यंदा मोकळ्या सोडायच्या, तिथूनच पाण्याची सरी काढायची. बांधावरचा वाल मात्र अजून उभा आहे, शेंगा यायच्यात. त्यातली दोन झाडं काल दुपारी मान टाकून बसलेली. आज सकाळी ढेकळासकट उचलली. मानेला मणी आहेत.